घरगुती स्प्रे पेंट बूथ कसा बनवायचा? रंगाचे कण आणि वाफ घराबाहेर काढण्याचं साधं गणित

चतुर्थी जवळ आली की कोकणातल्या गणपतीच्या शाळांमध्ये कॉम्प्रेसर घुमू लागतात. वेंगुर्ले तालुक्यात, गोव्याच्या हद्दीला लागून असलेलं रेडी गाव १९७६ मध्ये सापडलेल्या द्विभुज गणपतीमुळे सगळ्यांना माहीत आहे. अशा किनारी गावांत मूर्तींचं रंगकाम अनेकदा राहत्या घराच्या पडवीत किंवा माजघरात चालतं. त्यात पाऊस धो धो, म्हणून दारं-खिडक्या बंद. रंगाचा वास मग घरभर फिरतो.

शहरात बाइकचे पार्ट किंवा स्केल मॉडेल बाल्कनीत रंगवणाऱ्यांचीही हीच अडचण असते. यावर उपाय म्हणजे स्प्रे बूथ.

स्प्रे बूथ म्हणजे नेमकं काय?

समोरून उघडी पेटी, मागे फिल्टर, त्यामागे पंखा आणि घराबाहेर जाणारा पाइप. रंग मारताना हवा तुमच्याकडून वस्तूकडे, तिथून फिल्टरमधून थेट बाहेर गेली पाहिजे. पेटी कितीही देखणी असली आणि हवा बाहेर जात नसली, तर तो बूथ नाही, नुसता खोका आहे.

वास येतो एवढंच ना, मग घाबरायचं कशाला?

स्प्रेमधून दोन गोष्टी हवेत जातात. एक, रंगाचे बारीक कण. दोन, थिनरची वाफ. फिल्टर फक्त कण अडवतो. वाफ त्यातून आरपार जाते, म्हणून फिल्टर लावून हवा खोलीतच सोडणारा बूथ थिनरसाठी निरुपयोगी आहे.

व्यवसाय म्हणून वर्षानुवर्षं रंगकाम करणाऱ्यांचा धोका लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्येच या कामाचा समावेश कर्करोगकारक गटात केला. हौशी माणूस तेवढा वेळ रंग मारत नाही हे खरं, पण बंद खोलीत त्याच्यासोबत घरातली लहान मुलंही तीच हवा घेत असतात.

पंखा किती ताकदीचा हवा?

फूटभर उंचीची मूर्ती रंगवायला ६० सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच आणि ५० सेंमी खोल पेटी पुरते. आता गणित असं:

- तोंडाचं क्षेत्रफळ: ०.६० × ०.४५ = ०.२७ चौरस मीटर
- हवेचा वेग: सेकंदाला साधारण ०.५ मीटर
- लागणारी हवा: ०.२७ × ०.५ × ३६०० = तासाला ४८६ घनमीटर, म्हणजे सुमारे २८५ सीएफएम

पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर आणि पाइप जोडले की तो बराच घटतो. त्यामुळे दीडपट ते दुप्पट, म्हणजे तासाला सुमारे ७३० ते ९७० घनमीटर क्षमतेचा पंखा घ्यावा. साध्या पात्यांच्या एक्झॉस्ट फॅनपेक्षा ब्लोअर पद्धतीचा पंखा हा अडथळा चांगला पेलतो.

पेटी कशी बांधायची?

१. प्लायवुड किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी करा. आतून पांढरा रंग द्या, म्हणजे उजेड नीट पडतो.

२. मागच्या भिंतीच्या ८ ते १० सेंमी पुढे पॉलिएस्टरचा फिल्टर बसवा. ही मोकळी जागा राहिली तरच हवा संपूर्ण फिल्टरमधून सारखी ओढली जाते.

३. पाइप किमान ६ इंची, शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवा. प्रत्येक वळणावर हवेचा जोर कमी होतो.

४. चिऱ्याची भिंत फोडत बसण्यापेक्षा खिडकीच्या एका तावदानाच्या जागी प्लायवुड लावून त्यातून पाइप काढा.

५. पावसाळी वारा इथे समुद्राकडून, म्हणजे पश्चिम-नैऋत्येकडून येतो. पाइपचं तोंड त्या बाजूला ठेवलं तर वाफ घरात परत येईल. ते विरुद्ध बाजूला आणि खाली वळवलेलं ठेवा. शेजाऱ्यांची खिडकी आणि विहीर यांपासून लांब काढा.

६. बूथच्या समोरच्या बाजूची एखादी खिडकी किंचित उघडी हवी. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट नसेल, तर पंखा नुसता फिरत राहील.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

आग. थिनरमध्ये अनेकदा असणाऱ्या टोल्युइनची वाफ हवेत सुमारे १.१ टक्के झाली तरी ठिणगीने पेट घेऊ शकते. वर दिलेल्या मापाची पेटी १३५ लिटरची आहे. पंखा बंद असताना तिच्यात जेमतेम ६ ते ७ मिलिलिटर टोल्युइनची वाफ साठली, तरी हे प्रमाण गाठलं जातं. म्हणजे चहाचा दीड चमचा!

किचन चिमणी किंवा साध्या एक्झॉस्ट फॅनची मोटर हवेच्या वाटेतच असते. त्यामुळे असा बूथ फक्त पाण्यात मिसळणाऱ्या रंगांसाठी वापरावा. थिनरचे रंग आणि डब्यातले स्प्रे यांच्यासाठी स्फोटरोधक मोटरचा पंखा लागतो. डब्यातल्या स्प्रेत रंग ढकलणारा वायूही बहुधा ज्वालाग्राही असतो. असा पंखा नसेल तर ते काम घराबाहेर, मोकळ्या हवेत करावं. हार्डनर मिसळायचे टू-के रंग घरी मारूच नयेत. त्यातले आयसोसायनेट श्वासावाटे गेले तर कायमचा दमा जडू शकतो.

मूर्तिकारांसाठी पाण्याच्या रंगांचं आणखी एक कारण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मूर्ती विसर्जन मार्गदर्शक सूचनांमध्ये विषारी रासायनिक रंग आणि ऑइल पेंटला मनाई असून, नैसर्गिक व पाण्यात विरघळणाऱ्या रंगांचा आग्रह धरलेला आहे.

बूथ आहे, मग मास्क कशाला?

बूथ हवा ओढतो, पण तुमचं नाक रंगाच्या जवळच असतं. पाण्याच्या रंगाला एन-९५ मास्क चालतो. थिनरच्या वाफेला तो थांबवत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर काडतूस आणि कणांचा फिल्टर असलेला रबरी मास्क लागतो.

वापरताना हे लक्षात ठेवा

- पंखा आधी सुरू करा, मग रंग मारा. काम संपल्यावर १० ते १५ मिनिटं तो चालू ठेवा.
- स्विच आणि दिवा पेटीबाहेर ठेवा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी हवंच.
- खाऱ्या हवेत लोखंडी पंखा लवकर गंजतो. हंगाम संपला की पुसून, झाकून ठेवा.
- फिल्टरवर रंगाचा थर बसला की तो बदला.

बूथ काम करतोय हे कसं ओळखायचं?

रंग, थिनर आणि स्प्रेचे डबे खोलीबाहेर नेऊन ठेवा. पंखा लावा आणि पेटलेली उदबत्ती पेटीच्या तोंडाच्या चारही कोपऱ्यांपाशी धरा. धूर सगळीकडे सरळ आत ओढला गेला तर हवेची वाट बरोबर आहे. एखाद्या कोपऱ्यात तो घुटमळला किंवा तुमच्याकडे आला, तर फिल्टर, पाइप किंवा पंखा यांपैकी काहीतरी कमी पडतंय. ते दुरुस्त झाल्याशिवाय रंगाची बाटली उघडू नका.