वर्षभराची लेक

आमच्या घराण्याची अमेरिकेशी पहिली गाठ पडली ती मणिपूरच्या डोंगरात. सातारा जिल्ह्यात तेव्हा घरटी एक माणूस फौजेत असे. आमच्याकडून नाना होते, आजोबांचे धाकटे भाऊ. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. मार्च १९४४ मध्ये ही पलटण सांगशाकला छत्रीधारी ब्रिगेडबरोबर जपान्यांच्या वेढ्यात सापडली. टेकडीवर पाणी नाही, खंदक खणावा तर हातभर मातीखाली कातळ. सहा दिवस असे काढल्यावर २६ तारखेच्या रात्री माघारीचा हुकूम आला. ज्यांना चालता येत होतं ते निघाले. नानांच्या खांद्यात गोळी होती, पण पाय शाबूत होते, म्हणून ते वाचले. मागे राहिलेल्यांबद्दल ते कधीच बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

बोलायचे ते त्यापुढचं. रानातून इंफाळच्या सडकेला लागल्यावर जखमींची एक गाडी भेटली. "चष्म्यावाला गोरा पोरगा हुता. कमरंला पिस्तूल न्हाई, काय न्हाई. मला उचलून आत घातला, तोंडाला डब्यातलं गोड दूध लावलं. इंग्रज न्हवता. अमेरिकन हुता, हसत हुता." ही हकीकत मी लहानपणी इतक्यांदा ऐकली आहे की त्या पोराचा चेहरा मला दिसतो.

हा चष्मेवाला कोण असेल, हे पुढे वाचताना लक्षात आलं. १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, पायट अँड्र्यू नावाच्या एका अमेरिकन गृहस्थानं फ्रान्समध्ये अमेरिकन फील्ड सर्व्हिस उभी केली. कॉलेजातली पोरं स्वखर्चानं यायची आणि फोर्डच्या 'मॉडेल टी' गाड्यांतून फ्रेंच जखमींची ने-आण करायची. दुसऱ्या महायुद्धात हीच संस्था पुन्हा उभी राहिली. डोळे अधू, पाय सपाट, अशा कारणांनी लष्करानं परत पाठवलेले बरेच तरुण तिच्यात शिरले. आफ्रिका, इटली, आणि १९४३ पासून हिंदुस्थान-ब्रह्मदेशची आघाडी. इंफाळच्या वेढ्यात त्यांच्या गाड्या होत्या, हे नोंदलेलं आहे. नानांना उचलणारा त्यांतलाच होता का, याचा पुरावा माझ्याकडे नाही. तिथे इंग्रजांच्या गाड्या होत्या, आपल्या होत्या. पण हातात बंदूक नसलेला, चष्मा लावणारा अमेरिकन म्हटल्यावर दुसरं नाव पटकन सुचत नाही. घरच्यांनी मात्र पुराव्याची वाट पाहिली नाही. त्यांच्या लेखी तो ठरला.

युद्ध संपलं. गाड्या चालवणाऱ्यांना घरी जाऊन गप्प बसवेना. स्टीफन गलाटी हा पहिल्या महायुद्धातला जुना ड्रायव्हर तेव्हा संस्थेचा प्रमुख होता. जखमी उचलण्यापेक्षा मुलं एकमेकांच्या घरात नेऊन ठेवू, असं त्यांच्यात ठरलं. १९४७ मध्ये दहा देशांतली ५२ मुलं अमेरिकेत आली. तिथल्या शाळेत शिकायचं, तिथल्याच एका कुटुंबात राहायचं, वर्ष संपलं की आपल्या घरी. सगळी योजना एवढीच. एएफएस या नावानं ती आजही चालते.

१९६३ च्या पावसाळ्यात त्या योजनेतून आमची आत्या गेली. आजोबा पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेच्या कचेरीत कारकून होते; त्या नोकरीच्या जोरावर आत्या तिथे फुकट शिकली आणि फाडफाड इंग्रजी बोलायला लागली. मुंबईत मुलाखत झाली, निवड झाली, आणि घरात आकांत उसळला. सतरा वर्षांची पोर, लग्नाचं वय, वर्षभर परक्याच्या घरात? आजी जेवेना. वर्ष बुडेल, ही आजोबांची काळजी. भावकीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही, ही त्याहून मोठी. मुलाखतीत ऐकलेली गाड्यांची कथा आत्यानं घरी सांगितली मात्र, आणि ओसरीवर पानाला चुना लावत बसलेल्या नानांचा हात थांबला. "दादा, त्यांनी मला गाडीत घालताना जात विचारली न्हवती. पोरीला जाऊ द्या." निकाल लागला.

आत्याच्या वाट्याला आयोवातलं एक शेत आलं. मैलोगणती मका आणि डुकरांचे गोठे. या राज्याला परदेशी पाहुण्यांची थोडी सवय होती; १९५९ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह खास मका बघायला आयोवातल्या एका शेतकऱ्याच्या दारात येऊन गेले होते. आत्याला आई-वडील मिळाले, त्यांना मॉम आणि डॅड म्हणायचं ठरलं. दोन भाऊ मिळाले, ते एकमेकांना बदडायचे. आम्ही मटण खाणारी माणसं, पण गाईचं मांस म्हटलं की ताटावरून उठायचो, आणि त्या घरात आठवड्यातले पाच दिवस तेच शिजे. मॉमनं न बोलता एक बिडाचा तवा वेगळा काढला आणि त्याच्या मुठीला लाल दोरा बांधला. त्या तव्यावर वर्षभर दुसरं काही पडलं नाही.

संस्थेचं बोधवाक्य मूळ संस्कृत वचन आहे, असं तिकडे सांगत. झालं, आत्या हिंदुस्थानातून आलेली, तेव्हा चर्चच्या कार्यक्रमात तिनंच ते मुळातून म्हणावं असा आग्रह झाला. शाळेत तिचा विषय संस्कृत नव्हे, फ्रेंच! तिनं हात जोडून, डोळे मिटून शुभंकरोति म्हटलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

एकदा जेवताना डॅडनी विचारलं, "आमचं धान्य तुमच्यापर्यंत पोचतं का?" त्या वर्षांत अमेरिकेचा पीएल-४८० चा गहू आपल्याकडे रेशनवर येत होता. डॅडच्या मनात कुत्सितपणा नव्हता. पिकवणाऱ्यानं विचारावा तसा तो प्रश्न होता. पण आत्याला घास गिळेना. दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मक्याचं पिवळं, भरड पीठ, उकळतं पाणी, मीठ. पीठ चांगलं मळून तिनं ताटावर भाकरी थापली. पहिली उचलताना तिचे तीन तुकडे झाले, दुसरीचे दोन. तिसरी लाल दोऱ्याच्या तव्यावर अख्खी पडली. वरून पाणी फिरवलं, उलटली, मग गॅसच्या ज्योतीवर धरली आणि ती टम्म नाही, पण एका कडेनं का होईना फुगली. हिरवी मिरची गावात कुठेच नव्हती. लसूण आणि काळी मिरी कुटून ठेच्याची हौस भागवली. डॅडनी तीन भाकऱ्या लोण्याशी खाल्ल्या. स्वतःचा मका आपण फक्त डुकरांना घालतो, याचं त्यांना त्या रात्री नवल वाटत होतं.

मुलं नेण्यात अमेरिकेचा स्वार्थ नव्हता असं मी म्हणणार नाही. शीतयुद्ध चालू होतं. आपलं घर, आपला फ्रीज, आपली शाळा जगाला दाखवायची त्या देशाला घाई होती. पण सरकारच्या हिशेबात लाल दोरा बसत नाही.

शुक्रवारी २२ नोव्हेंबरला दुपारी शाळेतल्या लाउडस्पीकरवरून अध्यक्ष केनेडींच्या खुनाची बातमी आली. टाइपरायटिंगचा तास होता. बाई टाइपरायटरवर डोकं टेकून रडल्या आणि वीस यंत्रं एकदम बंद पडली, हे आत्या अजून सांगते. पुढचे तीन दिवस ती टीव्हीसमोर बसून होती. तेव्हा आपल्या देशात टीव्ही फक्त दिल्लीत, तोही जेमतेम; मुंबईला तो यायला १९७२ उजाडलं. रविवारी मारेकरी म्हणून पकडलेल्या ओस्वाल्डला पडद्यावर, डोळ्यांदेखत गोळी घातली गेली. मॉमनं टीव्ही बंद केला आणि तिला विचारलं, "तुमच्याकडेही असंच झालं होतं ना?" गांधींच्या खुनाचं वर्ष आत्याला पाठ होतं, पण परक्या देशातल्या शेतकरणीला ते आठवावं, हे तिला अपेक्षित नव्हतं.

फेब्रुवारीत बीटल्स आले. त्याविषयी आत्याचं मत एका वाक्याचं: गाणी कळली नाहीत, केस आवडले.

मग मे महिना. २७ तारखेला सकाळी सहा वाजता मक्याचे आणि डुकरांचे भाव सांगणाऱ्या रेडिओनं मध्येच नेहरू गेल्याचं सांगितलं. आत्या खाली आली तेव्हा सगळं घर टेबलाभोवती गप्प बसलेलं. शेतावर कोणी गेलं नव्हतं. घरी पत्र पोचायला दोन आठवडे, फोनचा तर विचारच नको. दहाच्या सुमाराला पहिली शेजारीण आली, हातात झाकलेलं भांडं घेऊन. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बटाट्याचे, शेवयांचे, घेवड्याचे भाजलेले पदार्थ जमले. आपल्याकडे सुतकाच्या घरी भाऊबंद पिठलं-भात आणून देतात, तसं. प्रत्येकीनं आधी बजावलं, यात गाईचं काही नाही. आत्या म्हणते, वडील गेल्यासारखं मला तोवर वाटतच नव्हतं. त्या भांड्यांनी वाटायला लावलं.

जुलैत सगळ्या देशांची मुलं बसमध्ये घालून गावागावांतून फिरवत वॉशिंग्टनला नेत. वाटेत, वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्कांच्या कायद्यावर २ जुलैला सही झाल्याची चर्चा सगळीकडे चालली होती. आफ्रिकेतल्या एका मुलीनं बसमधल्या अमेरिकन सोबत्याला विचारलं, "म्हणजे कालपर्यंत मी काय होते?" त्यानं खाली बघितलं. परतल्यावर आत्यानं घरी सगळं सांगितलं ते याच क्रमानं: तवा, भांडी, आणि ही मुलगी. उंच इमारतींबद्दल आजीनं फार विचारलं तेव्हा म्हणाली, "होत्या."

परत आल्यावर घरात ती पहिले दोन महिने नकोशी झाली होती, हेही सांगायला हवं. सगळ्यांना एकत्र जेवायला बसवायची, आजोबांना ताट उचलायला सांगायची. आजीनं शेवटी सुनावलं, "तिकडची लेक तिकडं. हितं सून व्हायचंय तुला."

१९६७ च्या डिसेंबरात, ११ तारखेच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराची एक भिंत कलली, बाकी सगळे सुखरूप. आयोवाच्या पेपरात 'सातारा जिल्हा' एवढेच शब्द आले असतील नसतील, पण चौथ्या दिवशी तार आली. मजकूर चार शब्दांचा आणि खाली सही: मॉम डॅड. ती तार नानांनी वाचायला सांगितली आणि पुन्हा वाचायला सांगितली.

पुढे आत्या कोल्हापूरला शिक्षिका झाली, सून झाली, आणि १९८० नंतर तिनं हट्टानं पश्चिम जर्मनीतली एक मुलगी वर्षभर घरी ठेवून घेतली. दोन खोल्यांचं घर. मी तेव्हा सुट्टीत तिकडे जायचो. मुलगी तांबड्या रश्श्यानं रडायची आणि पुन्हा वाढून घ्यायची. आत्याच्या सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, त्या मुलीला मराठीचं. दुपारी दोघी सुपात तांदूळ घेऊन बसायच्या, खडा सापडला की एकमेकींना दाखवायच्या. आत्या शाळेतून येऊन आधी तिला ओरडायची, गृहपाठ का राहिला म्हणून. पाहुणी असती तर ओरडली नसती.

आता माझ्या ओळखीत अशी दहा घरं आहेत जी मुलांना या योजनांतून पाठवायला उत्सुक आहेत. अमेरिकन सरकारच्या केनेडी-लुगर शिष्यवृत्तीत तर निवड झालेल्या मुलाला खर्चही पडत नाही. फॉर्म कुठे मिळतो, हे मला नेहमी विचारतात. बाहेरच्या मुलाला वर्षभर ठेवून घेतो, असं त्यांतलं एकही घर म्हणालेलं नाही. जागा लहान, जेवण तिखट, म्हातारी माणसं, ही कारणं. आत्याच्या घरात ही तिन्ही होती.

तेव्हा फॉर्म मागायला जाल तेव्हा दुसराही मागा. ठेवून घेणाऱ्या घराला त्यात पैसे मिळत नाहीत. मुलाला स्वतंत्र खोली लागत नाही. स्वतंत्र बिछाना, घरातलंच जेवण, आणि चुकलं तर ओरडणारं कोणीतरी, एवढं पुरतं.