उलाळ गाडीची कुळकथा

गेल्या उन्हाळ्यात वरंधा घाटात, चढणीवरच्या एका वळणाला, आमची गाडी क्षणभर आमची राहिली नाही. पुतण्याने स्टिअरिंग डावीकडे वळवले, पण गाडी हट्टी पोरासारखी सरळ कठड्याकडे चालू लागली. त्याने घाबरून पाय उचलला, तेव्हा कुठे पुढची चाके भानावर आली. कठडा चार हातांवर राहिला होता.

गाडी म्हणजे पुतण्याचे फिरते घर. लहानशीच व्हॅन, पण आत बिछाना, स्टोव्ह, पाण्याची टाकी, सगळे काही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या दादांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, कोकणातले जुने घर एकदा पाहायचे होते. घरापर्यंतची शेवटची वाट पाणंदीची. तिथे व्हॅन शिरत नाही आणि दादांचे गुडघे चालू देत नाहीत. म्हणून पुतण्याने व्हॅनच्या पाठीला लोखंडी पाळणा जडवून त्यात आपली मोटारसायकल आडवी बांधली होती. युक्ती मलाही पसंत पडली होती, हे कबूल करतो.

सारे गप्प होते. मागून दादा शांतपणे म्हणाले, "गाडी उलाळ झालीय रे!"

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो : बैलगाडीत माल फार मागे भरला, की मागची बाजू खाली बसते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. त्याला उलाळ म्हणतात. दादांनी लहानपणी गाडी हाकलेली. त्यांना हिशेब मांडावा लागला नाही. मला मात्र मांडावा लागला. व्हॅनच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २.४ मीटर. मोटारसायकल १२० किलोची, मागच्या चाकांच्याही मागे दीड मीटरवर टांगलेली. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचे ७५ किलो वजन उचलले गेले आणि मागच्या चाकांवर १२० नव्हे, १९५ किलो वाढले. त्यात घाटाची चढण. पुढची चाके वळली तरी त्यांना रस्ता धरवेना.

जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे घाटातल्या चहाच्या टपरीवरही मला इतिहासच आठवला. २३ एप्रिल १९४७ रोजी बेन पॉन नावाच्या डच मोटारविक्रेत्याने आपल्या वहीत एका पेटीसारख्या गाडीचे चित्र खरडले. वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगन कारखाना तेव्हा ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली होता. तिथे सुटे भाग वाहण्यासाठी जोडजाड करून केलेली एक सपाट गाडी पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. चित्रात चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, आणि ७५० किलो माल मध्ये. माल असो वा नसो, तोल फारसा ढळू नये! १९५० साली ही गाडी कारखान्यातून बाहेर पडू लागली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने तिच्या पोटात झोपण्या-जेवणाची सोय बसवली आणि कुटुंबेच्या कुटुंबे घर घेऊन फिरू लागली. म्हणजे लहान फिरत्या घराच्या या मूळपुरुषाच्या पत्रिकेतच लिहिले होते, की ओझे दोन चाकांच्या मध्ये असावे. आम्ही ते पाठीवर टांगले होते.

थोरल्या वाहनाने धाकटे बरोबर न्यावे, ही गरज जुनीच. गलबताबरोबर होडी असतेच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी १९४२ साली 'वेलबाइक' नावाची चिमुकली मोटारसायकल घडवली. इंजिन ९८ सी.सी.चे, वजन सुमारे ३२ किलो. दांडा आणि बैठक मिटवून ती एका नळकांड्यात बसे आणि हवाई छत्रीने जवानांसोबत उतरे. खडबडीत वाटेवर तिची चिमणी चाके अडखळत, ही तिची उणीव; पण विमानातून नेता यावी म्हणून तिला आधी हलकी आणि लहान व्हावे लागले. १९८१ साली जपानात होंडाने 'सिटी' मोटारीच्या डिकीत मावणारी घडीची 'मोटोकॉम्पो' काढली, तीही ४९ सी.सी.ची आणि पन्नास किलोंच्या आतली. दोघींनाही पोटात जागा मिळाली. पाठीवर कुणी टांगले नाही.

मोठे धूड न्यायचेच असेल, तर ते मागच्या जोडगाडीवर घालावे. जोडगाडी आपले बहुतेक ओझे आपल्याच चाकांवर पेलते. गंमत अशी, की १८४४ साली लोहारकामापासून सुरू झालेल्या त्याच वेस्टफालिया कारखान्याने १९३०च्या दशकात मोटारीला जोडगाडी जोडायची गोळ्याची कडी घडवली होती.

माझे व्याख्यान संपले, तेव्हा चहा निवला होता. पुतण्या म्हणाला, "काका, सगळे पटले. पण आत्ता करायचे काय? इथे जोडगाडी कुठून आणू? आणि मोटारसायकल इथेच सोडली, तर बाबांना घरापर्यंत नेणार कसे? परत फिरू या का?"

दादा काही बोलले नाहीत. ते खिडकीतून पश्चिमेकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "अरे, तिला चाके आहेत ना? मग तिला पाठीवर कशाला घेता?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. पुतण्याने दोर सोडले, मोटारसायकल खाली उतरवली आणि तो पुढे निघाला. मी व्हॅन हाकत मागोमाग. स्टिअरिंग आता जड लागत होते. इतके जडपण मला आयुष्यात कधी गोड लागले नव्हते.

संध्याकाळी पाणंदीच्या तोंडाशी दादांना आम्ही उचलून मोटारसायकलवर बसवले. त्यांनी मुलाच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि फणसांच्या सावलीतून ती दोघे दिसेनाशी झाली. मी कंदील घेऊन मागून चालत गेलो. पोहोचलो, तेव्हा दादा ओटीवर बसले होते आणि जुन्या खांबावरून हात फिरवत होते.