हिराई (चांद्याची गोंड राणी)

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथील गोंड राजा बीरशाह याची राणी. सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याचा आरंभ हा तिचा काळ. वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वणीचा मुलूख आज यवतमाळ जिल्ह्यात आहे. तोही एके काळी चांद्याच्या अमलाखाली होता, त्यामुळे हिराईचे नाव या जिल्ह्याच्या इतिहासातही यायला हवे.

हिरामण नावाच्या राजपुताने बीरशाहाचा खून केला. पोटी मुलगा नव्हता, आणि वारस नसलेली गादी टिकणे अवघड. हिराईने चंदनखेड्याच्या राजकुळातला रामशाह हा लहान मुलगा दत्तक घेतला, त्याला गादीवर बसवले आणि तो जाणता होईपर्यंत राज्य सांभाळले. गोंड घराण्यात राणीच्या शब्दाला पूर्वीपासून वजन असावे. ससा कुत्र्यावर उलटला, त्या वाटेवर तट बांधा, हा सल्ला याच घराण्यातला पूर्वीचा राजा खांडक्या बल्लाळशाह याला त्याच्या राणीनेच दिला, अशी चांदा वसल्याची कथा आजही सांगतात.

अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार पाहणे हे राणीचे काम दूरच्या कोरियातही होते. तेथील जोसन राजवटीत (१३९२–१९१०) घराण्यातील वडीलधारी राणी पडद्याआड बसून दरबार चालवी; १८०० साली बालराजा सुनजो गादीवर आला, तेव्हा पणजीच्या नात्याच्या जोंगसुन राणीने हेच केले.

हिराईची धर्मकार्ये दगडात उभी आहेत. झरपट नदीकाठचे महाकाली मंदिर तिने बांधले. अचलेश्वर दरवाजाजवळच्या राजसमाध्यांत बीरशाहाची समाधी सर्वांत भव्य आहे, तीही तिनेच उभारली. पतीसाठी पत्नीने उभारलेले एवढे मोठे स्मारक विदर्भात विरळाच. त्याची ओळख मात्र अजून राजाच्याच नावाने करून दिली जाते, हे खटकते.

दत्तकाने टिकवलेले राज्य रामशाहानंतर नीळकंठशाहाकडे गेले, आणि १७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी ते खालसा केले. महाकालीची यात्रा मात्र दर चैत्रात भरते. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, भाविक पोतराजांसह येतात आणि झरपटेत आंघोळ करून हिराईने बांधलेल्या मंदिराची पायरी चढतात.