गाडी ट्यूनिंगला टाकलीय

गेल्या पावसाळ्यात एका मित्राने मला एक्सेल शीट पाठवली. त्याला अंधेरीत, मरोळच्या बाजूला गाळा घेऊन जपानी गाड्यांचं ट्यूनिंग करणारं दुकान काढायचं होतं. साधं गॅरेज नव्हे. गाडी रोलरवर चढवून चाकांपर्यंत पोचणारी ताकद मोजणारा डायनो, भिंतीवर एचकेएसचे टर्बो, गिऱ्हाइकाला बसायला एसी केबिन, असं सगळं. निम्मे पैसे मी घालायचे. सहा वर्षं नोकरी करून माझी बचत जेमतेम तेवढीच झालीय. शीटमध्ये भाडं, डिपॉझिट, दोन मिस्त्रींचे पगार, सगळं भरलेलं होतं. एकच रकाना रिकामा होता: महिन्याला गिऱ्हाइकं किती?

"तू कोडर आहेस ना, मग डेटा तू काढ," तो म्हणाला.

डेटा वगैरे काही मिळाला नाही. पण हा रकाना आजवर कुणी आणि कसा भरला, ते बघायला मी मागे जायला लागलो आणि बराच मागे गेलो.

आधी शब्दाचं बघू. आमचे बाबा 'ट्यूनिंग' हा शब्द माझ्या जन्माआधीपासून वापरतात. "गाडी ट्यूनिंगला टाकलीय" याचा त्यांचा अर्थ असा की प्लग साफ होतील, कॉन्टॅक्ट पॉइंटची गॅप बघितली जाईल, टॅपेट सेट होतील, कार्बोरेटर खोलून धुतला जाईल. मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकेल, मग एक स्क्रू पाव आटा फिरवेल. थोडक्यात, गाडी कंपनीतून जशी आली होती तशी परत होईल.

जपानमध्ये हाच इंग्रजी शब्द 'चूनिंगु' होऊन गेला आणि अर्थ उलटा झाला. कंपनीने दिलं त्याच्या पुढे जाणं म्हणजे ट्यूनिंग. हासेगावा आणि कितागावा या दोघांनी १९७३ मध्ये एचकेएस काढली ती फुजी पर्वताच्या परिसरात, आणि धंदा काय, तर बाहेर विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांतून जास्त ताकद काढून देणं. १९८९ पासून तिथल्या कंपन्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की कागदावर २८० हॉर्सपॉवरच्या वर जायचं नाही. म्हणजे कंपनी २८० ला थांबणार आणि पुढचं काम ट्यूनरचं. १९९५ मध्ये सरकारने सुटे भाग बदलण्याचे नियमही बरेच सैल केले. माझ्या मित्राच्या डोक्यातलं दुकान या जगातलं होतं. त्याचा गाळा मात्र बाबांच्या शब्दकोशातल्या शहरात.

या शहरातली ही गोष्ट सुरू होते कुर्ल्यातून. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या परवान्यावरच्या गाड्या निघाल्या, मग फियाट, आणि त्याच फियाटची पुढे पद्मिनी झाली. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर. नंबर लावून काही वर्षं थांबायचं आणि गाडी आली की ती पंधरा-वीस वर्षं चालवायची. अशा बाजारात गाडी बदलता येत नाही, टिकवावी लागते. कुर्ला, साकीनाका, घाटकोपर या पट्ट्यात बोअरिंगवाले, हेड फेसिंगवाले, लेथवाले आणि सीएसटी रोडचे जुन्या स्पेअरवाले तयार झाले ते या टिकवण्याच्या गरजेतून. कारखाना गेला, तिथे आता कोहिनूर सिटी उभी आहे. सीएसटी रोडवर मात्र अजूनही माणूस तुम्हाला मॉडेल विचारतो आणि आतून ग्रीसने माखलेला अल्टरनेटर घेऊन येतो.

आता या कथेत जपान कुठून येतो? माझा समज होता, सिनेमातून. तसं नाही. तो आला प्रीमियरच्याच बॉनेटखालून.

१९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई आणली. अंग फियाट १२४ चं, साचे स्पेनच्या सेआतकडचे आणि इंजिन निसानचं, ११७१ सीसीचं ए-१२. नावातलं 'एनई' म्हणजे निसान इंजिन. गिअरही खाली, जमिनीवर, तेही निसानचे. पद्मिनीचे स्टिअरिंगजवळचे गिअर ज्यांनी टाकलेत त्यांना यातला आनंद कळेल. हे ए-१२ साधंसुधं इंजिन नव्हतं. सत्तरच्या दशकात जपानमध्ये छोट्या सनी कूपेत बसून त्याने टीएस नावाच्या शर्यती गाजवल्या होत्या. तिथल्या ट्यूनरांनी त्यातून मूळच्या दुपटीहून जास्त ताकद काढली. आपल्याकडे त्याच इंजिनाकडून एकच अपेक्षा होती: कसारा घाटात गरम होऊ नये.

पण मिस्त्री लोकांना ते काय आहे हे बरोबर कळलं. थकलेल्या पद्मिनीत एनईचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवून द्यायचं काम इथली गॅरेजं करायला लागली. जपानी ट्यूनिंगच्या भाषेत याला इंजिन स्वॅप म्हणतात आणि त्याचे व्हिडिओ बनतात. आपल्याकडे त्याला "एनईचं इंजिन टाकलं" म्हणायचे आणि व्हिडिओ कुणी बनवला नाही. मला विचाराल तर मुंबईच्या जपानी ट्यूनिंगचा पहिला अध्याय हाच, आणि त्याचं उद्दिष्ट वेग नव्हतं. घाट चढणं होतं.

दुसरा अध्याय मारुती. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हातात गेली, त्यानंतर सुझुकीचे भाग गल्लोगल्ली मिळायला लागले. १९९४ ची एस्टीम आली १.३ लिटरची, आणि १९९९ मध्ये बलेनो १.६ ची. एकाच घराण्यातली इंजिनं असल्यामुळे मोठ्या भावाचं इंजिन धाकट्याच्या अंगात बसवायचं, हे रॅलीवाल्यांना लगेच सुचलं. रॅलीचं जे असतं ते वर्षभराने गल्लीत येतं. हलकी गाडी, मोठं इंजिन, बाहेरून काहीच दिसत नाही. सिग्नलला शेजारचा जर्मन गाडीवाला तुमच्याकडे बघतसुद्धा नाही, यातच मजा.

२००१ साली दोन गोष्टी घडल्या. 'फास्ट अँड फ्युरियस' आला. आणि मुंबईत भारत स्टेज-२ चे नियम लागू झाले. पहिलीने पोरांच्या डोक्यात नारिंगी सुप्रा घातली. दुसरीने इंजेक्शन आणि ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर सर्रास केला आणि कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावणाऱ्या मिस्त्रीच्या हातातून त्याचा स्क्रू काढून घेतला. पहिलीवर चर्चा खूप होते, दुसरीवर कुणी बोलत नाही. धंदा बदलला तो दुसरीमुळे.

आमच्या पिढीला या सगळ्याची चटक 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड'ने लावली. मुलुंडच्या सायबर कॅफेत आम्ही स्कायलाइनला निळे दिवे लावायचो. त्याच सुमाराला, २००४ मध्ये, 'टार्झन द वंडर कार' आला. त्या गाडीची आम्ही शाळेत नक्कल करून चित्रं काढायचो. दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने बनवलेल्या त्या गाडीच्या आत टोयोटा एमआर-२ होती, हे मला गेल्या वर्षी कळलं. म्हणजे आमच्या बालपणीची सगळ्यात देशी सुपरकार आतून जपानी होती.

मग खऱ्या सुप्रा आणि स्कायलाइन अंधेरीत का दिसल्या नाहीत? पैसा होता. फिल्मवाले, बिल्डर, हिरेवाले सगळे इथेच. उत्तर आयातीच्या नियमात आहे. बाहेरून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि उतरायची फक्त मुंबई बंदरात. जपान आपल्यासारखा डावीकडून गाडी चालवतो, बंदर आपलंच. असं वाटतं की नियम आपल्यासाठीच लिहिलाय. पण वर शंभर टक्क्यांहून जास्त ड्यूटी. आणि तीन वर्षांची अट. जुनी सुप्रा आणि आर-३४ स्कायलाइन दोन्हींचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं. तेव्हा सिनेमा बघून वेडावलेल्या माणसाकडे फार तर २००५ पर्यंतचा वेळ होता. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. मोजक्या आल्या असतील. दुकान चालण्याइतक्या नक्की नाहीत.

कंपन्यांनी स्वतःहून आणल्या तेव्हाही फार काही झालं नाही. मित्सुबिशीने २०१० च्या सुमारास लान्सर इव्हो-१० आणली, पन्नास लाखांच्या घरात. निसानने २०१६ मध्ये जीटी-आर आणली, १ कोटी ९९ लाखांना, आणि तिच्यासाठीचं खास सर्व्हिस सेंटर काढलं नोएडात! जुहूच्या मालकाने काय करायचं, गाडी ट्रेलरवर घालून दिल्लीला न्यायची?

खरा किस्सा होंडा सिटीचा आहे, आणि तो माझ्या घरचा आहे. १९९८ ला आलेली पहिली सिटी आणि २००० ची तिची व्हीटेक आवृत्ती: १.५ लिटर, १०६ हॉर्सपॉवर, हलकं अंग. व्हीटेक म्हणजे इंजिन वरच्या फेऱ्यांना गेलं की व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उघडे राहतात. सुई वर चढते तसा इंजिनाचा आवाज बदलतो, जणू दुसरंच कुणी गायला बसलं. आमची २००२ ची आहे, बाबांनी जुनी घेतलेली. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की बाबा, जे घरात पंखासुद्धा दोनवर लावतात, ती सुई वर जाऊ देतात आणि आमच्याकडे बघत नाहीत.

२००३ मध्ये होंडाने नवी सिटी आणली. ७७ हॉर्सपॉवरची. जाहिरात मायलेजची. गाडीवेड्यांनी कपाळावर हात मारला आणि गाडी धडाधड खपली. हा होता माझा डेटा. गिऱ्हाईक किती, हा प्रश्न होंडाने वीसेक वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला होता. जपानी गाडी इथे लोकांनी घेतली ती विश्वासाने आणि काटकसरीने. तिच्यातला तो दुसरा आवाज ज्यांना ऐकू आला ते थोडे. थोडे, पण हट्टी.

हट्टी लोकांच्या वाटेत कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरबदल रोखतं. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ स्वरूपात बदल करता येणार नाही असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जपानने १९९५ मध्ये दार उघडलं, आपण २०१९ मध्ये कडी घातली. रात्री दोनला लिंक रोडवर फटाके फोडत जाणाऱ्यांच्या खिडकीखाली राहिलेला माणूस म्हणून सांगतो, कडीमागे कारण आहे. पण एअर फिल्टर बदलणारा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फेकणारा, दोघांना एकाच ओळीत उभं करणं मला पटत नाही. पहिला फार तर स्वतःचे पैसे वाया घालवतो. दुसरा तुमच्या-माझ्या फुप्फुसात धूर सोडतो.

आणि शेवटी लॅपटॉप. आज ट्यूनिंग म्हणजे बहुतेक वेळा रीमॅप: ईसीयूमधली फाइल वाचायची, इंधन, स्पार्क आणि टर्बोच्या दाबाचे तक्ते बदलायचे, परत लिहायची. माझ्या नोकरीत मी जे करतो त्याहून फार वेगळं नाही, फक्त चूक झाली तर पिस्टन वितळतो. यात गंमत अशी की रीमॅपने खरा फरक पडतो तो टर्बो इंजिनात, कारण तिथे दाब वाढवता येतो. बिनटर्बोच्या इंजिनात थोडं काही मिळतं, ते मालकाला जाणवावं म्हणून आवाज वाढवावा लागतो. आणि इथे टर्बो पेट्रोल, टर्बो डिझेल घेऊन आल्या त्या फोक्सवॅगन आणि स्कोडा. जपान्यांनी आपल्याला बहुतेक साधी, टिकाऊ, बिनटर्बोची इंजिनं विकली. त्यामुळे आज अंधेरी-मालाडच्या ट्यूनिंगवाल्यांकडे भिंतीवर पोस्टर सुप्राचं असतं आणि लिफ्टवर पोलो.

हे सगळं मी मित्राला कांजुरमार्गच्या एका टपरीवर सांगितलं. त्याने दुसरा चहा सांगितला. मग म्हणाला, "म्हणजे रकान्यात शून्य?"

शून्य नाही, मी म्हटलं. जपानी दोन-तीन, जर्मन दहा-बारा, आणि बाबांच्या अर्थाचं ट्यूनिंग हवं असलेले रोज दोन. तो बराच वेळ बोलला नाही. त्याने नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

मरोळचा गाळा झाला नाही. डायनोही नाही. साकीनाक्याला एका जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजात त्याने कोपरा घेतलाय. काका इंजिन उघडतात, हा लॅपटॉप उघडतो. मी निम्मे नाही, दीड लाख दिले आणि शनिवार देतो. पहिलं काम आलं स्विफ्टचं. तक्रार: चढावर दम लागतो. काकांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला, मित्राने केबल लावली, आणि दोघांना एकाच वेळी एकच सापडलं. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल गेली होती.

आमच्या सिटीचं पासिंग २०२७ मध्ये आहे. तिचा एअर इनटेक आणि सायलेन्सर मी बदललेत, कॅट तसाच ठेवलाय. मूळचा सायलेन्सर पोटमाळ्यावर, 'लोकसत्ता'त गुंडाळून. पासिंगच्या आदल्या रात्री तो खाली येतो, काकांकडे जातो, गाडीला लागतो, आणि शिक्का मिळाला की परत वर. दर दिवाळीला आई साफसफाईला शिडीवर चढते आणि विचारते, "हे भंगार कधी काढणार?" बाबा खालून शिडी धरून उभे असतात. "राहू दे गं," म्हणतात, "लागतं ते."