मागें राहिलेला सोबती



इ. स. २०२२ च्या दिवाळींत महाराष्ट्र सरकारनें शिधापत्रिकाधारकांस १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल दिलें. हें तेल ज्या झाडाचें, त्या तेलमाडाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

तेलमाड मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. आपल्या माडासारखाच तो सरळ व बिनफांद्यांचा. पण त्याला नारळ न लागतां झावळ्यांच्या बगलेंत लहान, तांबूस फळांचे भरगच्च घड लागतात. फळाच्या गरापासून केशरी तेल निघतें, आंतील गाभ्यापासून दुसरें. तेथील लोक फार पूर्वीपासून हें तेल कालवणांत घालीत, झाडाच्या रसाची माडी करीत आणि झावळ्यांनीं घरें शाकारीत. इ. स. १८०७ सालीं ब्रिटननें गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद केला. पुढें लिव्हरपूलचे व्यापारी त्याच किनाऱ्यावरून साबण, मेणबत्त्या आणि यंत्रांचें वंगण यांसाठीं हें तेल नेऊं लागले. नायजरच्या मुखाकडील नद्यांना इंग्रजांनीं 'तेलनद्या' असेंच नांव दिलें.

इ. स. १८४८ सालीं डच लोकांनीं जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पति-उद्यानांत तेलमाडाचीं चार रोपें लाविलीं. त्यांची संतति सुमात्रांतील देली प्रांतीं गेली व तंबाखूच्या मळ्यांतून शोभेसाठीं लावली गेली. इ. स. १९११ पासून सुमात्रांत आणि १९१७ पासून मलायांत तेलासाठीं मोठ्या बागा उभ्या राहिल्या. त्या बागांचा वंश बहुतांशीं या चार रोपांपर्यंत पोंचतो!

परंतु झाड आलें, त्याचा सोबती मात्र मागें राहिला. तेलमाडाच्या एकाच झाडाला नर-फुलोरे आणि मादी-फुलोरे निरनिराळ्या वेळीं येतात. म्हणून पराग दुसऱ्या झाडाकडून यावा लागतो. हें काम वारा करतो, असें दीर्घकाळ मानलें जाई. मलायांत मात्र अनेक बागांत फळ नीट धरेना. तेव्हां मजुरांनीं नर-फुलोऱ्यांतील पराग गोळा करावा, तो शंखजिऱ्याच्या भुकटींत मिसळावा आणि झाडोझाड फिरून मादी-फुलोऱ्यांवर उडवावा, अशी रीत पडली. वाऱ्याच्या नांवावर मांडलेलें काम प्रत्यक्षांत मजुरांच्या हातांवर येऊन पडलें.

लेस्ली डेव्हिडसन या मळेवाल्यानें कॅमेरूनमध्यें तेलमाडाच्या फुलोऱ्यांवर किड्यांचे थवे पाहिले होते. त्याला वाऱ्याची उपपत्ति पटेना. त्याच्या आग्रहावरून पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञ रहमान सैयद यांनीं कॅमेरूनमध्यें संशोधन केलें. खरा परागवाहक म्हणजे सोंड असलेला एक इवला भुंगेरा! तो नर-फुलोऱ्यांत अंडीं घालतो; त्याच्या अळ्या तेथेंच वाढतात. मादी-फुलोऱ्यालाहि बडिशेपेसारखा वास येतो. त्यानें भुलून तो तेथें जातो आणि अंगाला चिकटलेला पराग सोडून येतो. इतर पिकांना तो अपाय करीत नाहीं, याची खात्री करून घेऊन इ. स. १९८१ सालीं त्याला मलेशियांत सोडण्यांत आलें. थोड्याच काळांत घड भरूं लागले आणि हातानें पराग उडविण्याचें काम संपलें. इ. स. १९८५ सालीं तोच किडा आपल्या केरळांतहि आला.

आज जगांतील पामतेलापैकीं चार पंचमांशांहून अधिक तेल इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोन देश पुरवितात. एका झाडाला पुरतें ओळखावयास मनुष्याला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. कारण त्यानें झाड उचललें, तें ज्या अरण्यांत वाढलें त्याकडे पाहिलें नाहीं. आणि ज्या उद्योगाला अखेर अरण्यांतील एका किड्यानें हात दिला, त्याच उद्योगापायीं सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरील अफाट अरण्यें तुटलीं. त्या अरण्यांतून आणखी कोणाचे कोण सोबती नाहींसे झाले असतील, याचा हिशोब कोणीं ठेवला आहे?