वातमनोरा आणि वीजमीटर

हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राचे उद्घाटन २००४ साली राष्ट्रपती कलाम यांनी केले. अमेरिकेबाहेर ‘लीड’ची प्लॅटिनम श्रेणी मिळविणारी ही पहिली वास्तू. वास्तुविशारद करण ग्रोव्हर बडोद्याचे! मधला चौक, जाळीदार भिंती, थंड हवा आत सोडणारे वातमनोरे. वाड्यात वाढलेल्यांना चौकाचे नवल ते काय? त्याच काळात शहरोशहरी काचेच्या इमारती उठल्या आणि आतील उष्णता उपसण्यासाठी वातानुकूलन यंत्रे राबू लागली. २००७ साली व्यापारी इमारतींसाठी ऊर्जासंहिता आली. परंतु तिचा भर आराखड्यावर. कागदावर उत्तम ठरलेली इमारत पुढे उधळी निघते, हे सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्यांस सांगावयास नको. २००९ची तारांकन योजना मात्र चौरस मीटरमागे वर्षाला प्रत्यक्ष किती वीज जळाली, तेवढेच विचारते.