कर्करोगावरील उपचार आणि तोंड येणे

बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड या उपनगरात वैदेही वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कर्करोगावर उपचार केले जातात. अशा कोणत्याही केंद्रात केमोथेरपी वा किरणोपचार घेणाऱ्या अनेक रुग्णांना तोंड येण्याचा त्रास होतो. वैद्यकीय परिभाषेत त्यास 'ओरल म्युकोसायटिस' म्हणतात.

वेगाने वाढणाऱ्या पेशी नष्ट करणे हे या उपचारांचे काम. तोंडाच्या आतील नाजूक अस्तराच्या पेशीही सतत नव्याने तयार होत असल्याने त्यांनाही इजा पोहोचते. केमोथेरपीनंतर साधारणतः आठवडाभरात, तर मान व तोंडावरील किरणोपचारांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात लाली, आग व व्रण दिसू लागतात. भारतीय पुरुषांत मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असल्याने हा प्रश्न येथे अधिक गंभीर ठरतो.

हे दुखणे निमूटपणे सोसणे योग्य नाही. अन्न गिळता न आल्याने वजन घटते आणि किरणोपचार मध्येच थांबवावे लागू शकतात. अशा खंडात कर्करोगाच्या पेशींना पुन्हा वाढण्यास वाव मिळतो.

उपचारांपूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी. मऊ ब्रशने दात घासावेत. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. अल्कोहोलयुक्त माउथवॉश, तंबाखू व मद्य पूर्णपणे टाळावे. तिखट, आंबट, कडक व फार गरम पदार्थांऐवजी मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची पेज घ्यावी.

फ्लुरोयुरॅसिल हे औषध शिरेतून एकदम दिले जात असताना सुमारे 30 मिनिटे बर्फाचे तुकडे चघळल्यास तोंडातील रक्तवाहिन्या आकसतात व औषध तेथे कमी पोहोचते. मात्र ऑक्झॅलिप्लॅटिन सुरू असल्यास थंडी बाधू शकते. म्हणून बर्फाविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. किरणोपचारांत बेंझिडामाइनच्या गुळण्या आणि कमी तीव्रतेच्या लेसरचा उपयोग होतो. वेदना तीव्र असल्यास वेदनाशामक औषधे दिली जातात.

तोंडात पांढरे चट्टे वा रक्तस्राव दिसल्यास, पाणीही गिळता येत नसल्यास किंवा 38 अंश सेल्सियसहून अधिक ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधणे आवश्यक आहे.